खर्रा एकाला मळमळवतो, दुसऱ्याला का धरतो?

अमरावती-अकोल्याकडच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. पहिल्यांदाच खाणाऱ्या एकाला गरगरतं, दुसरा लगेच आणखी एक पुडी मागतो.

असं का?

तंबाखूतलं निकोटिन हे उत्तेजक. मध्यमेंदूतल्या काही चेतापेशी डोपामाइन हे सुखाच्या जाणिवेशी जोडलेलं रसायन बनवतात. निकोटिन याच पेशींना चाळवतं आणि डोपामाइन उसळतं. पण ते झेलणारे डी-२ ग्राहक सगळ्यांत सारखे नसतात. १९९९ साली मेंदू-संशोधक नोरा व्होल्को यांच्या चमूनं २३ निरोगी पुरुषांना मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध दिलं. ज्यांचे डी-२ ग्राहक कमी, त्यांना ते सुखद वाटलं. ज्यांचे जास्त, त्यांना नकोसं. प्रयोग लहान, औषधही वेगळं; तरी व्यसनी माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणून हिणवणं किती चूक आहे, हे त्यातून कळतं.

खर्रा सोडल्यावर सुरुवातीला डोपामाइन कमी पडतं, चिडचिड वाढते. घरच्यांनी तेवढे दिवस सांभाळून घ्यावं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६. आजच फोन लावा.