विश्लेषण : झेरॉक्सचे यंत्र मधेच थांबून नेमके काय मोजते? हे मोजमाप झटपट आणि तरीही अचूक कसे होते?

पावसाळा आणि प्रवेशांचा हंगाम एकाच वेळी सुरू होतो. शहाड, उल्हासनगरपासून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांपुढे गुणपत्रिका, जातीचे दाखले, रहिवासी दाखले घेतलेल्यांच्या रांगा लागतात. नेमके तेव्हाच यंत्र थांबते, पडद्यावर ‘कृपया थांबा’ असा संदेश येतो आणि रांग खोळंबते. यंत्र बिघडले, असे ग्राहकाला वाटते. बहुतेकदा ते बिघडलेले नसते. आपला विद्युतदाब, म्हणजेच व्होल्टेज, पुन्हा जुळवून घेत असते. या ‘कॅलिब्रेशन’ची गरज काय, त्याला वेळ का लागतो आणि अचूकता न गमावता तो कसा वाचवता येतो, याचा हा आढावा.

छपाईसाठी व्होल्टेज कशाला?

झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर ओल्या शाईने नव्हे, तर स्थिर विजेच्या आधारे छापतात. चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहायक ओटो कोर्नाय यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात हे पहिल्यांदा करून दाखवले. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यांनी त्यावर वीजभार निर्माण केला. अक्षरे लिहिलेली काच वर ठेवून दिवा दाखवला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांखाली तो टिकला आणि वर टाकलेली भुकटी तिथेच चिकटली. या तत्त्वावरचे ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र १९५९ मध्ये आले आणि पुढे कंपनीचे नावच आपल्याकडे नकलेला पडले.

आजच्या यंत्रात पत्र्याच्या जागी फिरता ड्रम असतो. त्याच्या पृष्ठभागावर, उदाहरणार्थ, उणे ६०० व्होल्टचा भार दिला जातो. लेझर जिथे पडतो तिथे तो उणे १०० व्होल्टच्या आसपास येतो. टोनर देणारा रोलर या दोहोंच्या मध्ये, समजा उणे ४०० व्होल्टवर असतो. त्यामुळे टोनरची भुकटी फक्त लेझरने लिहिलेल्या भागावर जाते. शेवटी ट्रान्सफर रोलर विरुद्ध भाराचा दाब देऊन ही भुकटी कागदावर ओढून घेतो आणि फ्यूझर ती उष्णतेने पक्की करतो. यातला एक आकडा जरी सरकला, तरी अक्षर फिके होते किंवा कोऱ्या भागावर करडी झाक येते.

पावसाळ्यात गणित का बिघडते?

हिवाळ्यात केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, पावसाळ्यात उचलत नाही. दमट हवेत स्थिर भार टिकत नाही. हीच अडचण यंत्रालाही येते. टोनरच्या कणांवरचा भार कमी होतो. ट्रान्सफर रोलरच्या रबराचा विद्युतरोध घटतो. कागदही हवेतले पाणी शोषतो. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा बनतो. त्या धाग्याचे आणि कागदाचे मूळ द्रव्य एकच, सेल्युलोज, आणि ओल ओढणे हा त्याचा स्वभाव. ओल्या कागदातून वीजभार गळतो आणि टोनर नीट उतरत नाही.

याखेरीज ड्रम झिजतो, टोनर जुना होतो, सलग छपाईने यंत्र तापते. त्यामुळे कारखान्यात एकदा ठरवलेला आकडा कायम चालत नाही. यंत्र सुरू होताना, ठरावीक पानांनंतर किंवा हवा बदलल्यावर तो पुन्हा शोधावा लागतो.

मोजमापाला वेळ का लागतो?

मोठ्या यंत्रांत ड्रमला स्पर्श न करता त्यावरचा दाब मोजणारा संवेदक असतो. लहान यंत्रे बहुधा टोनरचे छोटे ठसे उमटवून प्रकाशाने त्यांचा गडदपणा तपासतात. ट्रान्सफर रोलरमधून किती प्रवाह जातो, हेही पाहिले जाते.

खरी अडचण अशी, की ड्रम किंवा रोलर सगळीकडून सारखा नसतो. एका बाजूला रोध जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. एकाच जागी मोजलेला आकडा फसवा ठरतो, म्हणून पूर्ण फेरीची सरासरी घ्यावी लागते. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ९४ मिलिमीटर. तो सेकंदाला १५० मिलिमीटर वेगाने फिरत असेल, तर एका फेरीला साधारण ०.६ सेकंद लागतात. दाब पायरीपायरीने वाढवत दहा ठिकाणी मोजायचे म्हटले, तर सहा सेकंद नुसत्या फेऱ्यांतच जातात. प्रत्येक पायरीनंतर दाब स्थिर व्हायला लागणारा वेळ निराळा. रंगीत यंत्रात हे चार रंगांसाठी करावे लागते.

मग वेळ वाचतो कसा?

पहिला उपाय सरळ रेषेचा. भार देणाऱ्या रोलरचा दाब एका उंबरठ्यापलीकडे गेला, की ड्रमवरचा दाब त्याच्यासोबत जवळपास सरळ रेषेत वाढतो. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात. दहाऐवजी दोन मोजमापे घेऊन हवा तो दाब गणिताने काढता येतो. मात्र दोन्ही बिंदू उंबरठ्याच्या पुढचे आणि एकमेकांपासून पुरेसे दूर हवेत. जवळजवळ घेतले तर छोटी चूकही रेषा वाकडी करते.

दुसरा उपाय निम्मे-निम्मे करण्याचा. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही, मध्यावर उघडतो. तसेच ६४ पायऱ्यांतून योग्य दाब शोधायला दर वेळी मधली पायरी तपासली, तर सहा प्रयत्नांत उत्तर मिळते.

तिसरा उपाय आठवणीचा. मागचा आकडा जपून ठेवायचा आणि तिथूनच शोध सुरू करायचा. तापमान व आर्द्रता फारशी बदलली नसेल, तर पूर्ण तपासणी टाळता येते. चौथा उपाय कामे एकत्र उरकण्याचा. फ्यूझर तापेपर्यंत यंत्राला थांबावेच लागते. शक्य तितकी मोजमापे त्याच वेळात होतात.

अचूकतेचे काय?

घाईत मोजणे आणि मोजके मोजणे यांत फरक आहे. रोलर थोडा एककेंद्री नसेल, तर एका बाजूची वाढ समोरच्या बाजूची घट भरून काढते. अशा वेळी बरोबर अर्ध्या फेरीच्या अंतरावर घेतलेली दोन मोजमापे एकमेकांची चूक खोडतात. गणिताने दाब काढल्यावर तोच दाब देऊन एक पडताळणी करायची. फरक मर्यादेत असेल तर काम पुढे; नसेल तर यंत्राने पूर्ण तपासणीकडे वळायचे. हा परतीचा रस्ता ठेवला, तरच वेग विश्वासार्ह ठरतो. वरच्या उदाहरणात दोन बिंदू आणि एक पडताळणी मिळून तीन फेऱ्या होतात, म्हणजे दोन सेकंदांहून कमी.

दुकानदाराने काय करावे?

दर अर्ध्या तासाने मुख्य बटण बंद करू नये. अनेक यंत्रे थंड स्थितीतून सुरू होताना पूर्ण तपासणी करतात, त्यापेक्षा ‘स्लीप’ बरा. तपासणी चालू असताना झाकण उघडू नये, अन्यथा ती पहिल्यापासून करावी लागू शकते. कागदाचे रीम वेष्टनात ठेवावे, लागेल तेवढेच ट्रेमध्ये भरावे. टोनर किंवा ड्रम बदलल्यावर सोय असल्यास मेन्यूतून स्वतःहून कॅलिब्रेशन करून घ्यावे आणि ते शक्यतो सकाळी, गर्दी होण्याआधी.

तपासणीच बंद करून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. वाचलेले काही सेकंद दुकानदाराचे. पण शिक्का न उमटलेली नकल खिडकीवरून परत आली, तर हेलपाटा विद्यार्थ्याला पडतो.