बाळ गावचं, दाखला महापालिकेचा



आमच्या गटातल्या एका ताईंच्या नातवाला पहिलीत घालायचं होतं. जन्मदाखला मागायला ताई ग्रामपंचायतीत गेल्या, तर नोंदच सापडेना. बारसं गावात झालं, सगळ्या आळीनं घुगऱ्या खाल्ल्या, मग नोंद कशी नाही? ताई रडवेल्या होऊन बैठकीला आल्या. आम्ही एवढंच विचारलं, बाळंतपण कुठं झालं? म्हणाल्या, पिंपरीला.

मग नोंद पिंपरीलाच असणार. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 सालचा आहे. तो आईबाप कुठं राहतात ते बघत नाही, बाळ कुठं जन्मलं ते बघतो. खेड-मावळातल्या कितीतरी जणी बाळंतपणाला शहरात जातात. कुणी संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात, म्हणजे आपल्या वायसीएमला, कुणी भोसरीला, कुणी खाजगी दवाखान्यात. तिथं जन्मलेल्या बाळाचा दाखला पिंपरी-चिंचवड महापालिका देते, सासर कुरुळीचं असो नाहीतर वडगावचं.

हद्दीचा घोळ मात्र होतो. मोशी, चिखली, चऱ्होली ही गावं 1997 साली महापालिकेत गेली. तिथल्या जुन्या बाया अजून "आमची ग्रामपंचायत" म्हणतात. नाशिक रस्त्यानं मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की खेड तालुका सुरू होतो. चाकण शहरात जन्म झाला तर नोंद चाकण नगरपरिषदेत. आजूबाजूच्या खेड्यात झाला तर त्या गावच्या ग्रामसेवकाकडे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे. आणि चाकणच्या गर्दीत अडकून गाडीतच बाळंतपण झालं तर? हसू नका, त्यालाही नियम आहे. गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल, तिथं गाडी नेणाऱ्यानं जन्म कळवायचा.

दवाखान्यात जन्म झाला तर 21 दिवसांत कळवायचं काम दवाखान्याचं. घरी झाला तर घरच्या कर्त्या माणसाचं. पुढं जितका उशीर, तितकी पायपीट. 30 दिवसांच्या आत थोडं विलंब शुल्क भरून भागतं, नंतर वरची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी-प्रांत पातळीवरचा आदेश लागतो. दवाखान्यातून घरी सोडताना मिळतो तो कागद म्हणजे जन्मदाखला नव्हे. त्यावर विसंबून बऱ्याच जणी वर्षानुवर्षं निवांत राहतात.

आता खरी अडचण. आमच्या ताईंना महापालिकेत नोंद सापडली, पण आईचं नाव माहेरचं! पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी केलेलं. केसपेपर काढताना भावानं बहिणीचं नाव सांगितलं ते लग्नाआधीचं, आणि तेच पुढं नोंदवहीत गेलं. आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. आम्हाला विचाराल तर निम्म्या चुका तिथं केसपेपरच्या खिडकीवरच होतात. कळा येत असलेल्या बाईला कोण नाव विचारतंय! म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच तिच्या आधारकार्डाची प्रत पिशवीत ठेवा, आणि सोबत जाणाऱ्याला त्यावरचंच नाव सांगायला बजावा.

झालेली चूक दुरुस्त होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. त्यासाठी निबंधकाची खात्री पटेल असे पुरावे लागतात. लग्नाचा दाखला, आईचं आधार, दवाखान्याचे कागद बरोबर न्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नोंद थांबवू नका. नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं, नंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून.

कुठल्या खिडकीवर जायचं? महापालिकेची अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. चुकीच्या ठिकाणी गेलं की दिवसाचा रोज बुडतो. निघण्याआधी "सारथी"ला फोन करा, 8888006666. श्रीकर परदेशी आयुक्त असताना 15 ऑगस्ट 2013 रोजी ही सेवा सुरू झाली. दवाखान्याचं नाव आणि जन्मतारीख सांगा, कार्यालय कुठलं आणि कागद कोणते ते विचारा. तक्रार असेल तर टोकन नंबर मागून लिहून घ्या. "बघतो" असं नुसतं तोंडी कुणी म्हणालं, तर दुसऱ्या वेळी तुमच्या हातात काहीच नसतं.

घाई आता आणखी वाढली आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांना शाळेसाठी, आधारसाठी, मतदार यादीसाठी, पासपोर्टसाठी जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार.

मृत्यूचंही तसंच. शहरातल्या दवाखान्यात माणूस गेलं, तर दाखला शहरातूनच आणायचा. सातबाऱ्यावर वारस लावताना तो पहिला मागतात.

ताईंच्या नातवाचा दाखला दोन फेऱ्यांत दुरुस्त होऊन मिळाला. धाकट्या नातीचा काढलाय का, असं आम्ही विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. तिचं बाळंतपण चाकणला झालंय. या सोमवारी त्या नगरपरिषदेत जाणार आहेत, सुनेचं आधारकार्ड घेऊन.