न्हाणीघराचे रूप पालटताना

गोंदिया तालुक्यातील कामठा काय किंवा धानाच्या या पट्ट्यातील अन्य गावे काय, पावसाळ्याचे चार महिने घरातला ओलावा हटत नाही. अशा दिवसांत इवल्याशा न्हाणीघराच्या भिंतींवर काळी बुरशी धरते आणि जमीन शेवाळते. आपण मात्र नूतनीकरण म्हटले की प्रथम चकचकीत फरश्यांच्या दुकानात शिरतो. गुळगुळीत फरशी भिंतीला खुशाल लावावी. पायाखाली ती आजीच्या खुब्याच्या हाडाची वैरीणच.

पैसा बेताचा असेल तर तो आधी जमिनीवर खर्च करा. खरखरीत फरशी निवडा आणि गवंडी समोर असतानाच बादलीभर पाणी ओतून उतार पाहा. चार फुटांना किमान अर्धा इंच तरी हवा. साचलेल्या पाण्यावरच शेवाळ पोसते. त्यानंतर पकडदांडा: जमिनीपासून सुमारे ३३ ते ३६ इंचांवर, पक्क्या भिंतीत रोवलेला. टॉवेल अडकवण्याची नळी माणसाचा भार पेलत नाही.

ओलसर भिंतीला तेलरंग देऊ नये. त्याचे पापुद्रे सुटतात. पाणी उडते तेथवर फरशी आणि वर चुन्याची सफेदी, एवढ्याने भागते. चुना स्वस्त, त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि लहान जागा उजळ दिसते. छताजवळ झरोका मात्र हवाच.

डाग काढताना ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंदट न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. धुण्याचा सोडा आणि काथ्याची घासणी पुरते. हात थोडे अधिक चालवावे लागतात, इतकेच.