दोन भाषा पुरत नाहीत

लोकसाहित्याच्या एखाद्या परिषदेत वक्ता फ्रेंच आणि श्रोते रशियन असले, तर दुभाषी कोठून आणावा? व्यापारी करार किंवा यंत्रांची माहितीपत्रके एका भाषेतून दुसरीत नेणारे पुष्कळ मिळतील. परंतु रशियन लोककथांतील अरण्यवासी म्हातारी ‘बाबा यागा’ ही केवळ चेटकीण नव्हे, ती प्रसंगी नायकाला साहाय्यही करते, हे ज्याला ठाऊक आहे असा दुभाषी विरळाच.

असा जाणता मध्यस्थ नसला म्हणजे काय होते, याचा दाखला प्रसिद्ध आहे. व्लादिमिर प्रॉप या रशियन पंडिताने अद्भुतकथांच्या रचनेचे नियम सांगणारा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये निघाले आणि त्याच्या आधारे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६० मध्ये त्यावर परखड टीका केली. प्रॉप यांनी उत्तर देताना एक तक्रार नोंदविली. ग्रंथातील गटेची अवतरणे इंग्रजी भाषांतरकाराने निरर्थक अलंकार समजून गाळली होती. प्रॉप यांच्या मते मात्र ग्रंथाची दिशा त्यांतूनच सूचित होत होती. वाद तत्त्वाचा होताच; पण दोन थोर अभ्यासकांची गाठ तिसऱ्या भाषेत पडली आणि वाटेत काहीतरी सांडले, हेही तितकेच खरे.

पॅरिस आणि मॉस्कोच्या या गोष्टीशी आपला काय संबंध, असे वसई-विरारचा वाचक विचारील. संबंध निकटचा आहे. या परिसरात सामवेदी ऊर्फ कादोडी, वाडवळी, वारली अशा बोली नांदतात. १५३४ ते १७३९ पर्यंतच्या पोर्तुगीज अमलाच्या खुणाही येथील बोलण्यात उरल्या आहेत. या बोलींतील लग्नगीत परदेशी अभ्यासकापर्यंत पोहोचवायचे, तर ते आधी प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत आणि शेवटी फ्रेंच वा रशियन भाषेत जाणार. ‘माहेर’ हा एक शब्द घ्या. इंग्रजीत तो ‘आईवडिलांचे घर’ होतो. सासुरवाशिणीची ओढ मागेच राहते.

याहून चांगला मार्ग महाराष्ट्रातच दाखविला गेला आहे. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. परभाषकाने येथे राहून, गाणाऱ्या स्त्रियांचे जीवन समजून घेऊन हे काम केले. मग ज्यांच्या घरातच ही गाणी आहेत, त्यांना ते अशक्य का वाटावे?

आपल्याकडे कितीतरी विद्यार्थी अकरावीला गुणांसाठी फ्रेंच घेतात आणि बारावीनंतर ती सोडून देतात. त्यांच्यापैकी काहींच्या आज्यांना बोलीतील गीते अजून मुखोद्गत असतील. शिक्षकांनी एवढेच सांगावे: एक गीत ध्वनिमुद्रित करा, ते कोणत्या प्रसंगी म्हणतात हे लिहा, प्रत्येक शब्दाचा अर्थ आजीलाच विचारा आणि मग त्याचे थेट फ्रेंच भाषांतर करून पाहा. रशियन शिकणाऱ्यानेही हेच करावे. लोकसाहित्याचा दुभाषी घडतो तो अशाच अभ्यासातून. परकी भाषा पुढेही शिकता येईल. परंतु अर्थ सांगणारी आजी आज आहे, तोवरच हे काम हाती घेतले पाहिजे.