उमरेडभोवती एक वर्तुळ

उमरेड मध्यभागी धरून 50 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. नागपूर, भिवापूर, पवनी सगळं पोटात येतं. या वर्तुळाच्या कडेकडेने एक फेरी मारायची तर किती चालावं लागेल? व्यास 100 किलोमीटर, गुणिले पाय. अक्षर ग्रीक, पण नाव पाय आणि चिन्हालाही दोन पाय, म्हणून मराठी पोरांना ते कधी परकं वाटलं नाही.

पायची किंमत 3.14 धरली, तर फेरी 159 मीटर कमी भरते. 22/7 धरली, तर 126 मीटर जास्त. आणि भास्कराचार्यांची? 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागायला सांगितलंय. त्यांच्यापाशी चिन्ह नव्हतं, आकडा श्लोकात बसवायचा होता. म्हणून आधी 27 नक्षत्रं, मग 9 नंद, मग 3 अग्नी; उलटीकडून वाचा, 3927. या आकड्याने 314 किलोमीटरच्या फेरीत चूक किती? 73 सेंटीमीटर. माणसाचं एक पाऊल! पुढचे सगळे हिशेब याहून अचूक आहेत, पण मी थक्क होतो तो इथेच.

दशांशचिन्हापुढे 10 अंक घेतले, की चूक 9 मायक्रोमीटरवर येते. ‘मायक्रो’चं चिन्हही ग्रीकच, म्यू: मीटरचा दहा लाखावा भाग. उमरेडच्या खुल्या कोळसा खाणीतून उडणारी जी बारीक धूळ श्वासावाटे छातीत उतरते, तिचा एक कण साधारण एवढाच. 37 अंक घेतले, तर दिसू शकणाऱ्या अख्ख्या विश्वाचा परीघ हायड्रोजनच्या एका अणूइतक्या चुकीने काढता येतो. त्यापुढे कशालाच गरज नाही.

तरी 2024 मध्ये संगणकाने 202 लाख कोटी अंक काढले. एक अंक दोन मिलिमीटरचा धरून पट्टीवर छापा. पट्टी सूर्यापर्यंत जाऊन परत येईल आणि वर 10 कोटी किलोमीटर उरेल. गणितज्ञ विल्यम जोन्सने मात्र 1706 मध्येच हे सगळं पाय या एका अक्षरात बसवलं होतं.

आज घरातली परात घ्या. घेर दोरीने मोजा, व्यासाने भागा. 3.14 पर्यंत पोचलात तर उत्तम. भास्कराचार्यांच्या 3.1416 मधला 6 मात्र दोरीने सापडायचा नाही.