पोटातली कळ आणि ओव्याचं फूल

पोटात मुरडा आला की घरात आधी उघडतो तो ओव्याचा डबा. चिमूटभर तळहातावर चोळायचा, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि सैंधवाबरोबर चावायचा. जिभेला जी चुरचुर लागते, ती थायमॉलची.

तीन खडे, एक पातळ औषध

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ म्हणून पांढरे स्फटिक मिळतात, ते हेच थायमॉल. ‘पुदिन्याचं फूल’ म्हणजे मेंथॉल. दोन्ही कापराबरोबर बाटलीत घालून हलवा. पाण्याचा थेंब नसताना तिन्ही विरघळून पातळ होतात. हीच अमृतधारा. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेलेला कापूर त्यांना विषासारखा बाधतो.

कळ का थांबते?

आतड्याच्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की स्नायू आवळतो. मेंथॉल ही वाट अडवतं आणि स्नायू सैल पडतो. आयबीएस (इरिटेबल बाऊल सिंड्रोम) या आतड्याच्या तक्रारीत एकूण लक्षणांवर पुदिन्याचं तेल घेऊन पाहावं, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२१ च्या मार्गदर्शिकेत सुचवलं आहे. पण अन्ननलिकेच्या तळाची झडपही या तेलाने सैलावते आणि छातीत जळजळतं. म्हणून ते जठरात न फुटणाऱ्या कॅप्सूलमधून देतात.

‘केमिकल’ गोळीचं कूळ

गोळी म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ. पण मुरड्यावर डॉक्टर लिहून देतात ते ड्रोटाव्हेरिन हे पापावेरिनच्या घडणीवरून बेतलेलं. आणि पापावेरिन गेऑर्ग मेर्कने १८४८ साली अफूतून वेगळं केलं होतं. कळीवरच्या दुसऱ्या एका गोळीचं मूळ असलेलं हायोसिन तर आपल्या धोतऱ्यातही असतं. म्हणून धोतरा खायचा नाही, हे सांगायला नकोच!

दाह वेगळा

कळ सैल झाली म्हणजे सूज उतरली असं नाही. बेंबीभोवतीचं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, ताप आला, तर तो अपेंडिक्सचा दाह असू शकतो. तिथे ओवा चावत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

दाहावर नाव घेतलं जातं ते हळदीतल्या कर्क्युमिनचं. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) आटोक्यात असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते रोज २ ग्रॅम दिलं, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण घटलं. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. म्हणजे तेवढं कर्क्युमिन हळदीतूनच मिळवायचं तर रोज ६५ ग्रॅमच्या आसपास हळद पोटात जायला हवी. दुधाच्या पेल्यात आपण टाकतो अर्धा चमचा.