स्वमग्न मुलासोबत थीम पार्कला जाताना

नाशिकहून थीम पार्कला जायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात. एक शिर्डीचं साई तीर्थ आणि त्याच्या शेजारचं वॉटर पार्क, दुसरं खोपोलीजवळचं इमॅजिका. मूल स्वमग्न असेल, म्हणजे आवाज, स्पर्श, गर्दी किंवा ऐनवेळचे बदल त्याला आपल्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवत असतील, तर पहिल्या खेपेला शिर्डीच बरी. अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर. बिनसलं तर दुपारी घरी.

दिवस निवडताना शिर्डीसाठी गुरुवार टाळावा. बाबांचा वार, त्यामुळे गाव फुललेलं असतं. शनिवार-रविवार नको, मे महिना तर नकोच. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा एखादा मंगळवार बघावा. एक दिवस शाळा बुडाली तर बुडू द्यावी.

तिकीट काढण्याआधी पार्कला फोन करावा. घरचा डबा आत नेता येईल का, रांगेत उभं राहण्याऐवजी बाजूला बसून पाळीची वाट बघता येईल का, शांत कोपरा कुठे आहे, एवढं विचारावं. बाहेरचं खाणं पार्कवाले सहसा अडवतात, आणि आपलं मूल दहीभात नि एकाच प्रकारचं बिस्किट सोडून काही खात नसेल तर दिवस तिथेच संपतो. होकार मिळाला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागून घ्यावा. फाटकावरच्या माणसाला फोनवरचं बोलणं ठाऊक नसतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता येते. त्यामुळे युडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढलं असेल तर सोबत असू द्यावं. मात्र ते दाखवलं की रांग चुकलीच, असं धरून चालू नये.

आता तालीम. बहुतेक घरं ही पायरी गाळतात, आणि फसतं ते इथेच. वॉटर पार्कमध्ये नायलॉनचा पोशाख लागतो. तो ऐनवेळी तिथे भाड्याने घेतला, की अंगाला चिकटणारं ओलं कापड आणि मानेला टोचणारं लेबल यांनीच मूल हैराण होतं. पोशाख आधी विकत घ्यावा, लेबल उसवून टाकावं आणि आठवडाभर घरच्या बादलीस्नानाला तोच घालावा. मनगटावर पट्टी बांधतात, तिचीही कागदाची पट्टी करून सवय लावावी.

कानांसाठी महागडे हेडफोन हवेतच असं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगार वापरतात तसले इअरमफ चालतात. नाशिक ढोलाच्या शहरात त्यांची परीक्षा घ्यायला मिरवणुका कमी नाहीत. लांबून, दहा मिनिटंच. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेतले पाळणेही असेच दुरून दाखवून आणावेत.

मग चित्रकार्डं. अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांनी रुजवलेली ‘सोशल स्टोरी’ ही पद्धत अशी, की पुढे काय होणार ते मुलाला साध्या वाक्यांत आधीच सांगायचं. ‘दारात काका बॅग बघतील. मग आपण थांबू. मग पाळणा.’ यातलं ‘थांबू’ गाळू नये. गाडी आणि घर ही शेवटची दोन कार्डंही हवीतच.

इमॅजिकाला जायचं असेल तर आदल्या दिवशीच निघून मुक्काम करावा. समृद्धी महामार्गाने गेलात तर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. काही मुलांना तो पार्कपेक्षा जास्त आवडतो, काही त्यात किंचाळतात. पाच-सहा मिनिटांचं एखादं गाणं ठरवून ठेवावं: गाणं संपलं की उजेड.

पार्कमध्ये शिरल्यावर आधी शांत कोपरा आणि स्वच्छतागृह बघून घ्यावं, पाळणे नंतर. मुलाच्या शर्टाच्या आतल्या बाजूला आपला फोन नंबर लिहावा. पाण्यापाशी एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडे बघावं, मोबाईलकडे नाही. अशा अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि ती न सांगता तिकडे धाव घेतात.

मूल कान दाबू लागलं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, तर तो हट्ट नव्हे. सोसण्याची मर्यादा जवळ आली आहे. अशा वेळी समजावणं, दटावणं दोन्ही बंद. बोलणं कमी करून सावलीत न्यावं. भोवती जमणाऱ्या मावशींना ‘ठीक आहे, जरा जागा द्या’ एवढंच सांगावं.

सर्वांत अवघड जातं ते निघणं. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात आपण ‘शेवटचा एक’ म्हणतो आणि तोच भोवतो. दोन पाळण्यांनंतर मूल हसत असतानाच गाडीचं कार्ड पुढे करावं.